गव्हर्नरांच्या घरातली जमीन

माझं नुकतंच लग्न झालं होतं, तेव्हाची गोष्ट. नुकतेच निवडून आलेले नवे गव्हर्नर ओहायोतल्या आमच्या गावी आले होते. त्यांना भेटायच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि प्रचाराचं पुस्तक घेतलेला लोहार उभा होता.

"वाचलंत का, आजी? साहेब ओंडक्यांच्या खोपटात, मातीच्या जमिनीवर रांगले!"

"खोपट खरं. माती खोटी. खाली फळ्या होत्या."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"तीन हिवाळे लोकांचं सूत कातून मीच घातल्या. माझ्या एलिहूच्या गुडघ्याला माती लागू दिली नाही."

"अरे देवा! साहेबांच्या आई तुम्ही? मग रांगेत कशाला? थेट पुढे जा."

"नको. नंबर आला की चारचौघांत त्याच्याकडून कबूल करून घेते."

"अहो, त्या मातीवरच तर आम्ही मतं दिली!"

"पुढच्या खेपेला माझ्या फळ्यांवर द्या."