दारावरची वेणीवाली

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्यासोबत कारंज्याच्या बसस्थानकावर चला. बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दारावर एक बाई रंगवली आहे. तिला लांब वेणी आहे, कपाळावर ठसठशीत कुंकू. उवांमुळे कालच डोकं भादरलेली पाच वर्षांची निकिता त्या दारापुढे पाय आवळून उभी आहे. शेजारी तिची आजी, गोजराबाई.

“जाय ना व लवकर, बस सुटून जाईन.”

“मी नाई जात. दारावर वेणीवाली हाये.”

“मंग?”

“मले कुठं वेणी हाये? बाया म्हणतीन, पोरगा घुसला.”

“मंग काय तिकडं पोरांच्यात जातं?”

“तिकडं बी नाई. तिथं मिशीवाला हाये.”

“अव माय. मंग मिशी येतपर्यंत थांबतं का?”

“हासू नोको ना आजी, जोरात लागली.”

“बरं, माह्या कपायाकडं पाह्य. कुंकू हाये का?”

“नाई. आबा गेले तवापासून तू लावतच नाई.”

“तरी मी आत्ताच आत जाऊन आली ना?”

निकितानं दारावरच्या बाईकडे पाहिलं, आजीच्या कपाळाकडे पाहिलं आणि ती आत पळाली.

बाहेर आल्यावर तिनं विटेचा तुकडा उचलला आणि दाराशेजारी भिंतीवर आणखी दोघी काढल्या. एक टकली, एक बिनकुंकवाची.