मामाजीच्या नळीतलं नवं

...तर नळी तुंबली म्हणून माझ्याच नावानं शंख! तुमाले सांगते बाई, मामाजीले, म्हणजे माझ्या सासऱ्याले, लकवा झाला, वाचा गेली, घास गिळता येईना, तवा बालाघाटच्या डाक्टरनं नाकातून पोटात रबराची नळी घातली अन् घरी पाठवलं. तवापासून दूध, पेज, सारं त्या नळीतूनच. अन् नळी कोण पाह्यते? मी. आमच्या ह्यायले त नळी पाह्यली का चक्कर येते.

काल नवं होतं. आमच्यात नव्या तांदळाचा पहिला घास घरच्या म्हाताऱ्याचा, त्याच्या आधी कोणी तोंड उष्टं करत नाही. तर माझी नणंद अनुसया, खैरलांजीहून मोटारीनं आलेली, मी विहिरीवर गेली तेवढ्यात तिनं शितासकट खीर दिली नळीत ओतून! वरतून मलेच म्हणते, "वयनी, बाबाले नवं चाखवू नको का?" अवं, नाकातल्या नळीनं कोणाले चव लागते का?

नळी गच्च. नरसाळ्यातून दूध ओतलं त वरच उभं. मामाजी सकाळपासून उपाशी, डोये माझ्याकडं. अन् अनुसया म्हणते, घास पोटात उतरला नाही, म्हणजे नवं झालंच नाही. म्हणजे सारं घर उपाशी! मंग काय, आजवर जे खोलीत डोकावले नाही ते सारे डाक्टर झाले. कोणी म्हणते फुंक मार, अनुसया म्हणते खराट्याची काडी घाल, अन् आमचे हे... सायकलचा पंप घेऊन आले. म्हटलं, "तुमचा बाप हाय तो, चाक नोहे."

साऱ्यायले बाहेर काढलं. नाकापाशी नळीवर खूण केलती, ती पाह्यली, जागेवर होती, म्हणजे नळी सरकली नोहती. कंपाऊंडरनं शिकवल्यावाणी पिचकारीत कोमट पाणी घेतलं, हळूच ढकललं, हळूच ओढलं, थांबली, पुन्हा... जोर नाही करायचा. घामानं भिजली मी. मंग एक शीत बाहेर आलं, दुसरं आलं, अन् पाणी सुळकन खाली गेलं. खीर फडक्यातून गाळली, मामाजीले टेकवून बसवलं, त्यातलं नुसतं पातळ दूध नळीतून दिलं, मागून पाणी.

"उतरलं काय वं?" दारातून आमचे हे.

मी हौ म्हणायचा उशीर, सारे पंगतीले पळाले. नरसाळं धरून कोण उभी? मी.

मामाजीनं चांगला हात उचलला अन् माझ्या तोंडाकडं दाखवला... तू खाल्लं का? साऱ्या घरात ज्याले बोलता येत नाही, त्यानंच विचारलं. डोये भरले माझे.

रांधणीत गेली त खिरीचा गंज चाटूनपुसून साफ. गाळल्या फडक्यात तेवढी शितं उरलती, तीच खाल्ली उभ्यानं. दूध सासऱ्याले, शितं सुनेले, झालं माझं नवं. अन् आता ते फडकं कोण धुते?