पसंतीचे बटन

सुपेला वस्तीतल्या दंतवैद्याकडे निवृत्त पॉलिटेक्निक प्राध्यापक प्रफुल्लराव आपल्या पाळीची वाट पाहत वर्तमानपत्र वाचत होते. शेजारच्या बापलेकीचे बोलणे कानी पडले आणि पान उलटायचे राहून गेले.

“उन्नती, तुह्या लग्नाच्या स्थळाची वेबसाइट तूच बनवली ना? मंग मले निस्ते नकारच कावून येऊन राहिले?”

“बाबा, पोराकडच्यायनं ‘पसंत’चं बटन दाबलं की बटनामागची स्क्रिप्ट त्यायच्याच ब्राउझरमंदी चालते. ‘धन्यवाद, कळवतो’ असं त्यायच्याच स्क्रीनवर दिसते.”

“अन् मले खबर?”

“ते तुमाले पाठवाची प्रोग्राममंदली ओळ मी लिहिलीच नाही.”

“अवं पोरी! आमच्या मिलमंदी बटन दाबून सायरन नाही वाजला, तर सीधा मेमो मिलते!”

“मले पहिले नोकरी करायची हाय, बाबा.”

“अन् ‘नापसंत’ची ओळ?”

“ते बराबर लिहिली.”

बाप खुर्चीतच तिच्याकडे वळला. प्रफुल्लरावांनी वर्तमानपत्र हळूच खाली घेतले.

“म्हणजे... पसंत करणारे बी हायेत?”

“असतीलच ना.”

“मंग राहू दे. नोकरी लागेपर्यंत ते बटन सुधरवू नको. पण नकाराचं आजच बंद कर. रोज सकाळी मोबाइल पाहून चहा गोड लागून नाही राहिला.”