व्याह्यांची फूट

…आन् वरून लोक मलाच म्हणतेत, "रत्नम्मा, तुम्हाला लई शक येतो बघा!" येतो! येणार न्हाई तर काय? तुम्हाला सांगते, भूकंपात आमचं औश्याकडचं घर अर्धं पडलं, अर्धं उभं राहिलं, तवा एक साहेब आले, उभ्या भिंतीवर हात थापटला आन् म्हणले, "पक्की हाय, बिनधास्त आत झोपा." मला शक आला! मी लेकरं घेऊन बाहेरच झोपले, सासूबाईंची बडबड सुरू, "साहेबापेक्षा हिलाच जास्त कळतंय…" आन् दोन दिसांनी परत हादरा बसला तशी ती पक्की भिंत धाडकन आत! तवापासून कुणी "बिनधास्त" म्हणलं की मला आदी शक येतो.

तर काय सांगत होते… हां, शेषेराव. थांबा, आदी पाण्याचं सांगते, त्याबिगर शेषेराव कळायचे न्हाईत. भूकंपानंतर आम्ही लातुरात आलो आन् म्या मेस काढली. अहमदपूरची, निलंग्याची, नांदेडची, कुठकुठली लेकरं क्लासला येतेत, डॉक्टर व्हायचंय म्हणतेत, आन् जेवतेत अशी की पेशंटनं घाबरून पळावं! आता एवढ्यांचं रांधायचं म्हंजी पाणी नको? आमच्या रस्त्याची पाइपलाइन अमृतरावांच्या होस्टेलपाशी येते आन् तिथंच थांबते. तुम्ही म्हणाल, पाइप संपला असंल. पाइप कुठला संपतोय! होस्टेलाच्या पुढं आमची गल्ली सुरू होते ना, म्हणून थांबते. अमृतराव म्हंजी सत्तेतला पक्ष. नगरपालिका त्यांची, बाजार समिती त्यांची, रस्त्यावरचा खड्डा सुद्धा त्यांना विचारून पडायचा. आन् शेषेराव त्यांचे सख्खे व्याही! शेषेरावांची लेक शिल्पा अमृतरावांच्या घरात दिलेली. दोघं एका पक्षात, एका जीपमधी, एकाच डब्यातलं पान खाणारे.

आन् एक दिवस आमचे मालक, शिवमूर्ती, धापा टाकत आले. "अगं, शेषेराव फुटले! नवा पक्ष निघाला, तिकडं गेले!"

म्या म्हणलं, "जीप कुणी घेतली?"

"जीप कशाला विचारायलीस?"

"फुटल्यावर जीप एकाकडंच राहील ना? कुणाकडं राहिली?"

"दोघं मिळून वापरतेत म्हणं…"

आला ना शक!

पुढं ऐका. नगरपालिकेची निवडणूक लागली, आमचा वार्ड बायकांना राखीव. अमृतरावांनी तिकीट कुणाला द्यावं? सुनंला. शिल्पाला! म्हंजी शेषेरावांच्या पोटच्या लेकीला! आन् तिच्यासमोर उभं करायला शेषेराव कुणाच्या दारात आले? माझ्या! मी पिठाच्या हातानं उभी, आन् हे हात जोडून, "ताई, तुमच्यासारखी कष्टाळू बाई पाहिजे. नवा पक्ष हाय. पाइपलाइन तुमच्या गल्लीच्या पार टोकापस्तोर नेतो. बिनधास्त उभ्या राहा."

बिनधास्त! तुम्हीच सांगा, कोणता बाप लेकीला पाडायला उमेदवार हुडकत फिरतो? मला वाटलं, हे लेकीला निवडून आणायलेत, आन् समोर एक मेसवाली बाई उभी करायलेत, भाषण न्हाई, वळख न्हाई, हातात लाटणं! म्या सरळ विचारलं, "अण्णा, मला पाडायला उभं करायलाव का?" तर डोळ्यांत पाणी आणलं हो त्यांनी! म्हणले, "ताई, तिथं माझी किंमत राहिली न्हाई." आमचे मालक लगीच हळवे झाले. मला आणखी शक आला. इतकं पाणी डोळ्यांत असल्यावर नळाला का न्हाई?

म्या म्हणलं, विचार करून सांगते.

आन् त्याच आठवड्यात अमृतरावांच्या नातवाचं जावळ. स्वयंपाक कुणाकडं? माझ्याकडं. म्या म्हणलं, ब्येस झालं, दोघं व्याही एका मांडवात येतील, दूध का दूध होईल. मी चुलीपाशी, पर कान मांडवात. शेषेराव आले नातवासाठी चांदीचे वाळे घेऊन. अमृतराव सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणले, "या, या! विरोधी पक्षनेते आले, ह्यांना पाट द्या रं, यांची खुर्ची आम्ही काढून घेतलीय!" सगळा मांडव हसला. शेषेरावांनी वाळे नातवाच्या पायात घातले, वाढलेल्या ताटाला हात लावला न्हाई, उठले आन् चालत गेले. चालत! आन् शिल्पा माझ्यापाशी चुलीम्होरं येऊन बसली आन् जी रडायला लागली, "काकू, माझा बाप उपाशी गेला…" तिचं ते रडणं बघून मी पदरानं डोळे पुसले आन् तुम्हाला खरं सांगते, त्या दिवशी माझा शक गेला. पार गेला! म्या म्हणलं, फुटले. खरंच फुटले.

उभी राहिले मी.

आता माझ्यासाठी हिंडणार कोण? नव्या पक्षाला माणसं कुठली? सगळी तिकडची! हिंडली माझी बेगमबी. शेजारीण, बांगड्यांचं दुकान हाय तिचं. तिच्या घरात सासऱ्याच्या सासऱ्यापासून मत एकाच चिन्हावर, अमृतरावांच्या पक्षाच्या. तिचा जलील म्हणला, "अम्मी, ये नवे वाले कल किसके साथ बैठेंगे, क्या मालूम?" पोरालाही शक! आन् मी, मी त्याला समजवायला बसले, बघा! म्हणलं, "बाबा, माझ्यापेक्षा शक्की बाई ह्या लातुरात न्हाई. म्या माझ्या डोळ्यांनी त्यांना भरल्या ताटावरनं उठताना बघितलंय." बेगमबी म्हणली, "तेरे भरोसे पे बदल रईं हम, रत्नम्मा." आन् बुरखा सावरून उन्हातान्हात माझ्यासंगं दारोदार. अमृतरावांची माणसं तिच्या दुकानाम्होरं येऊन उभी राहायची, गिऱ्हाईक फिरकायचं न्हाई. तरी हिंडली. एकेका उंबऱ्याला एकच बोलायची, "पानी चाहिए ना? तो ये रत्नम्मा."

आन् निवडून आले हो मी! थोडक्या मतांनी, पर आले! मेसमधल्या पोरांनी मला खांद्यावर घ्यायचं ठरवलं, दोघांच्या कंबरा धरल्या, मंग नुसता गुलाल लावला. बेगमबीनं माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. त्या दिवशी मला वाटलं, माणसानं एवढा शक घेऊ नये. उगं आयुष्य वाया जातं.

मोजून चारच दिवस वाटलं तसं!

मालक आले, चेहरा पडलेला. "अगं, कुणालाच बहुमत न्हाई. मुंबईला वरचे पुढारी एक झाले. इथं बी आघाडी झाली."

"कुणाकुणाची?"

"आपली… आन् त्यांची."

मी तशीच उठले, पीठ तसंच परातीत, चालले शेषेरावांच्या घरी. दारात जीप. आत बघते तर दोघं व्याही झोपाळ्यावर! मधी नातू, पायात तेच वाळे, आन् दोघं आळीपाळीनं त्याला बिस्कीट भरवायलेत.

"या ताई, या! चहा घ्या. आता आपण सगळे एकच."

"अण्णा, मंग फुटला कशाला होता?"

"तत्त्वाचा प्रश्न होता, ताई."

"आन् आता?"

"आता शहराच्या विकासाचा प्रश्न हाय."

म्या म्हणलं, "विकास ऱ्हाऊ द्या, पाइपलाइनचं बोला." तर शेषेरावांनी अमृतरावांकडं बघितलं, अमृतराव छताकडं. मंग अमृतराव म्हणले, "वहिनी, आता तुम्ही सत्तेत हाव. सत्तेत असल्यावर मागण्या करायच्या नसतेत. ते विरोधकांचं काम."

"मंग विरोधक कुठं हायत?"

"तेच तर! राहिलेच न्हाईत!" आन् दोघं असे हसले, असे हसले, नातू दचकून रडाया लागला.

चहा घेऊन आली कोण? शिल्पा. पडलेली शिल्पा! तिला मागल्या दारानं स्वीकृत सदस्य केलंय, म्हंजी मी निवडून येऊन ज्या खुर्चीत बसणार, तिच्या शेजारची खुर्ची तिला न हिंडता. मी तिला आत घेतलं, दार लोटलं आन् विचारलं, "खरं सांग पोरी. जावळाच्या दिवशी रडलीस, ते खरं का नाटक?"

ती म्हणली, "काकू, मी खरंच रडले. त्यांचं मला अजून कळलं न्हाई."

आता हिच्यावर कसा रागवू, सांगा?

घरी आले तर बेगमबी ओट्यावर बसलेली. जलीलनं तिला सगळं सांगितलं होतं. मला वाटलं, आता ही मला दोन शिव्या हासडंल, हासडाव्यात, बरं वाटलं असतं. दुकान बसवून घेतलं बाईनं माझ्यापायी! पर ती एवढंच म्हणली, "रत्नम्मा, वो भी जीते, हम भी जीते. फिर हारा कौन?"

म्या तिचा हात धरला. तेवढ्यात पाण्याचा टँकर आला, मंग दोघी घागरी घेऊन उठलो.

आन् काल! काल आमचे मालक जेवता जेवता म्हणतेत, "मला एक सुचलंय. शहरात विरोधी पक्षाची जागा रिकामी हाय. आपणच फुटू!"

म्या म्हणलं, फुटते. माझी ना न्हाई. फकस्त परत जुळायचं कवा, ते आदी ठरवून घ्या, म्हंजी त्या दिवशी मेसला सुट्टी टाकते.