शेणाचा धूप आणि आटपाडीचे सासरे

गड्या, परवा माझी लय फजिती झाली. अगरबत्तीनं बायकोला खोकला येतो, म्हणून पाचगणीहून खास नैसर्गिक धूप आणला. नुसतं शेण आणि कडुलिंबाचा पाला, सेंटबिंट काही न्हाई. माधवनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडक्या उघडून तो लावला आणि डोळे मिटून बसलो. बायको खोकली न्हाई, म्हणून खूश होतो, तेवढ्यात आटपाडीहून सासरे आले. दारातच त्यांनी वास घेतला आणि थेट गॅलरीत जाऊन डोकावले.

“पावणं, म्हस कुठं बांधलीया?”

“म्हस न्हाई वो मामा, धूप हाय. मन शांत व्हायला लावलाय.”

“व्हय की. आमीबी गोठ्यात डासांसाठी ह्योच धूर करतो. म्हस लय शांत ऱ्हाती.”

मग मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, “पर ती दूध तरी देती!”