एक पेला कमी

द्वारका : पुन्हा मोज.

नम्रता : मोजले आई. अठ्ठेचाळीस.

द्वारका : आन माणसं?

नम्रता : एकोणपन्नास. राहिला असेल एखादा.

द्वारका : राहिला कसा? मनुका उकळून पातेलंभर रस केलाय मी. उरलाय अजून, बघ.

नम्रता : उपासनेला वीस मिनिटं आहेत. पाव कापायचाय ना?

द्वारका : कवाच कापला, कडा काढून. पावाचं नको सांगू मला. दोन महिने झाले, प्रभुभोजन उरकलं की पेले मी धुते. दोन्ही वेळेला दोन पेले भरलेलेच परत आले. एक कुणाचा ते मला ठावं हाय. दुसऱ्याचा माग लागत नव्हता. आज लागला.

नम्रता : आई, हळू बोला. पाळकसाहेब बाहेरच आहेत.

द्वारका : हळू बोला! कोथरूडात पण तुझं हेच. सकाळी गीत म्हणायला मी तोंड उघडलं की तू खिडकी लावायचीस.

नम्रता : घरमालकीणकाकू वरच राहतात हो. घर बघायला गेलो तेव्हाच त्यांनी विचारलं होतं, "तुमच्याकडे ते प्रार्थनेला माणसं जमवणं वगैरे नाही ना?" मी म्हटलं, "छे हो, आम्ही तसले नाही."

द्वारका : तसले न्हाई. बरं.

नम्रता : साळवे आडनावावरून कुणाला काही कळत नाही. तेव्हा हायसं वाटलं होतं मला. आता त्याचीच लाज वाटते.

द्वारका : एवढ्यासाठी पेला सोडलास?

नम्रता : एवढ्यासाठी नाही. तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला आमच्याकडे होतात ना, तेव्हा काकू दारात आल्या. "सकाळी सकाळी कोण गातं? शब्द काही ओळखीचे वाटत नाहीत," म्हणाल्या. आणि मी... मी म्हटलं, सासूबाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. काहीबाही बरळतात, मनावर घेऊ नका.

द्वारका : पेला खाली ठेव आधी. सांडशील.

नम्रता : देवाचं नाव घेणाऱ्या बाईला मी वेडी ठरवलं, आई! कशासाठी, तर अकरा महिन्यांच्या करारासाठी. तेजसची शाळा जवळ, तुमच्या लेकाचं, आमोदचं ऑफिस जवळ. आणि चार दिवसांनी तुम्ही खरंच पिशवी घेऊन जिन्यात बसलात. काकूंना विचारत होतात, "श्रीगोंद्याची एसटी किती वाजता?" मला वाटलं, माझी जीभच काळी. बोलले तेच झालं. तेव्हापासून ट्रे समोर आला की पुढे सरकवते. कुठल्या तोंडानं घेऊ?

द्वारका : मला काय झालं नव्हतं.

नम्रता : म्हणजे?

द्वारका : ओट्यापाशीच होते मी. सगळं ऐकलं. पट्टी डोळ्यावर होती, कानावर न्हाई.

नम्रता : अगं आई गं...

द्वारका : असा राग आला म्हणून सांगू! वाटलं, जावं आन बाईला तोंडावर सांगावं. चार दिवस धुमसले, मग तेजस दप्तर घेऊन जिना उतरताना दिसला. म्हटलं, सून खोटी पडली तर पोराचं घर जाईल. घेतली पिशवी न् बसले. वेड पांघरलं की पेडगावलाच जावं लागतं, आन पेडगाव आमच्या श्रीगोंद्यातच हाय. नाटक बरं वठलं असणार. बाईनं बिस्किटं दिली मला.

नम्रता : माझ्यासाठी एवढं केलंत?

द्वारका : तुझ्यासाठी म्हणू नको. सोपं होतं म्हणून केलं. तुझे सासरे इथं खडकीत, दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं डब्यापुढं हात जोडून मग जेवले. लोक हसायचे, "साळवे, तुमचा देव भाजी गरम करतो का?" त्यांनी एक दिवस हात खाली घेतले न्हाईत. आन मी एका पिशवीत सगळं बांधून टाकलं. तो पहिला पेला माझाच, नम्रता.

नम्रता : तुमचा? मला कधी दिसलं नाही.

द्वारका : मी पहिल्या बाकावर, तू मागं. दिसणार कसं?

नम्रता : पाळकसाहेबांना सांगू या का?

द्वारका : त्यांच्याशी कुठं खोटं बोललो आपण? जिच्याशी बोललो तिला सांग.

नम्रता : आत्ता? करार पुढच्या महिन्यात संपतोय! काकू पुढे वाढवणार नाहीत. तेजसची सहामाही तोंडावर आलीय.

द्वारका : मग नको सांगू. माझा पण पेला ओत पातेल्यात. सत्तेचाळीस पुरतील.

नम्रता : ...द्या तो फोन.

(नम्रता फोन लावते. द्वारका हातातला कपडा घडी करत राहते.)

नम्रता : काकू, नमस्कार. हो, बरे आहेत सगळे. तेच सांगायचं होतं. सासूबाईंना काही झालेलं नाही, तेव्हाही नव्हतं. त्या प्रार्थना करत होत्या. आम्ही ख्रिस्ती आहोत काकू. मी खोटं बोलले तुमच्याशी... हो... हो... बरं.

द्वारका : काय म्हणाली?

नम्रता : संध्याकाळी येऊन भेटा म्हणाल्या. आवाज थंडच होता. आणि विचारलं, मग त्या एसटीचं काय?

द्वारका : ते मी सांगते. मी येते संध्याकाळी.

नम्रता : घर जाईल, आई.

द्वारका : जाईल कदाचित. इथं खडकीत माझ्या दोन खोल्या हायत. तेजसला बस लागंल, एवढंच.

नम्रता : घंटा झाली.

द्वारका : होऊ दे. तुझा राहिलेला तो एक भर. आन माझा पण ऱ्हाऊ दे, ओतू नको.