उस्मानचा साहेबी थाट

उस्मान फोटोवाल्याचं ऐकाल तर चहा गार होईल, राव! स्टुडिओ नाही, दुकान नाही. पण रस्त्यावर फोटो काढायला निघाला की कोट, टाय अन् डोक्यावर साहेबी हॅट. म्हणायचा, "आधी फोटोग्राफर दिसला पाहिजे, फोटो मागाहून!"

एकदा आकुर्डीच्या माळावर त्यानं तिपाईवर कॅमेरा चढवला. तेव्हा कारखान्यांसाठी जमिनींची मोजणी चालली होती. हॅट अन् तिपाई दिसताच गावकरी काठ्या घेऊन धावले.

"मोजणीसाहेब आला! फोडा त्याचं यंत्र!"

"अहो, मी फोटोवाला हाय!"

"मग ही हॅट कशापायी?" म्हणत पाटलांनी काठी उगारली.

एकुलता एक कॅमेरा! उस्मान घाबरून कॅमेऱ्यावरच्या काळ्या फडक्यात शिरला अन् आतूनच ओरडला, "हलू नका! फोटो बिघडंल!"

झालं! सगळे काठ्या उगारून जागच्या जागी थिजले. पाटलांनी तेवढं पोट आत घेतलं. उस्माननं कॅमेरा उचलला, सायकलवर टांग मारली अन् जाता जाता बजावलं, "मी सांगेपर्यंत कुणी हलायचं न्हाई!"

संध्याकाळी मी तिथून चाललो होतो, तर मंडळी तशीच उभी! ओठ न हलवता पाटील मला म्हणाले, "गड्या, नाकावरची माशी तेवढी हाकल. फोटोत यायची!"